मागच्या रांगेतला खर्ज

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आमच्या गायनवृंदातले काका तालमीला परत आले. त्याला आता पाच महिने होत आले. त्या सकाळी जे झालं ते माझ्या मनात अजून नीट बसलेलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आमचा गायनवृंद ४३ जणांचा. चाचणी नाही, निवड नाही. येईल तो गातो. दर रविवारी सकाळी दोन तास. आमचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिलच्या कार्यक्रमाने संपतं. एक गाणं बसायला साधारण सहा रविवार लागतात. पहिला रविवार शब्दांचा, पुढचे दोन सुरांचे, आणि उरलेले सगळे श्वासाचे. कुठे घ्यायचा, कुठे मुळीच घ्यायचा नाही, लांब ओळीत शेजारी दम घेत असताना आपण कसं टिकून राहायचं. आळीपाळीने चोरून श्वास घेतला की ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते. एकट्या माणसाला जी ओळ जन्मात एका दमात म्हणता येणार नाही, ती ४३ जण सहज म्हणतात. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा लोक गाणं संपल्यावर एकमेकांकडे बघून हसतात. वीस वर्षांत मला या हसण्याचा कंटाळा आलेला नाही.

मिश्र वृंदात पहिली अडचण पट्टीची, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा याची. बायकांचे आवाज काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, आसपास खुलतात, पुरुषांचे काळी एकच्या. बहुतेक ठिकाणी मधली कुठली तरी पट्टी धरतात आणि मग अंतरा आला की पुरुष ओरडतात, मुखड्याला बायकांचे आवाज विरून जातात. मला ते ऐकवत नाही. मी गाणं बायकांच्या पट्टीत ठेवते आणि पुरुषांना खालचं सप्तक देते. पण काळी चारचा खालचा सा सगळ्यांच्या गळ्यात नसतो. मागच्या रांगेत एक तरी माणूस असा लागतो की ज्याचा तो सूर भरीव आहे. बाकीचे त्याच्यावर रेलतात. आमच्याकडे तो माणूस म्हणजे काका. तरुणपणी गाणं शिकलेले वगैरे नाहीत, निवृत्तीनंतर आले. मी दर महिन्याला एकदा पेटी बंद करून पूर्ण गाणं गाऊन घेते आणि शेवटी सा दाबून बघते. वाद्याचा आधार काढला की वृंद हळूहळू खाली घसरतो, हा जगभरचा अनुभव आहे. आमचा वृंद काका होते तोवर जवळजवळ घसरायचा नाही. हे मला तेव्हा माझ्या शिकवण्याचं यश वाटायचं.

सप्टेंबरमध्ये काकांना अर्धांगाचा झटका आला. मेंदूची डावी बाजू. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, बोलणं गेलं.

त्यानंतरचे तीन-चार रविवार पुरुषांची रांग प्रत्येक ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलत होती. मी रागावले. सराव करत नाही, लक्ष देत नाही, मोबाइलमध्ये शब्द बघत गाता, असं बरंच बोलले. (मोबाइलबद्दल मी आजही तेच म्हणेन. हातात मोबाइल धरला की मान खाली जाते, मान खाली गेली की गळा दबतो, आणि माझ्या हाताकडे तर कोणी बघतच नाही. वही चालते, पण पाठांतरासारखं काही नाही.) शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "ताई, काका ओळीआधी श्वास घ्यायचे ना, त्याचा आवाज यायचा. आम्ही त्याच्यावर उचलायचो."

मी पेटीवर, समोर, दहा हातांवर. मला तो श्वास कधीच ऐकू आला नव्हता.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एका गायनवृंदाच्या हृदयाचे ठोके मोजले होते. एकत्र गाताना श्वास एका लयीत येतात आणि त्यांच्यामागोमाग ठोक्यांचं वेगावणं-मंदावणंही जुळायला लागतं, असं त्यांना दिसलं. हे मी पूर्वी नव्या लोकांना मोठ्या हौसेने सांगायचे. तेव्हा मला वाटायचं, हे जुळवून आणणारा माझा हात आहे.

जानेवारीत काकू त्यांना घेऊन आल्या. आधी फोन करून विचारलं, "नुसते बसतील, चालेल ना? घरी फार कोंडल्यासारखं होतं त्यांना." आम्ही त्यांची खुर्ची मागच्या रांगेत त्यांच्याच जागी ठेवली. लोक भेटले, काका सगळ्यांना एकच शब्द म्हणत होते, "नाही." कसे आहात? नाही. पाणी हवं? नाही. तेवढा एकच शब्द उरला होता, आणि हवं असतानाही तोच निघायचा. तो निघाल्यावर त्यांना स्वतःलाच कळायचं की हे नव्हतं म्हणायचं, आणि ते डावा हात मांडीवर आपटायचे.

मी जुनं गाणं घेतलं, आम्ही चार वर्षं गातोय ते. मुद्दाम घेतलं असं म्हणणार नाही; गळे तापवायला आम्ही नेहमी तेच घेतो. मुखड्याच्या दुसऱ्या आवर्तनाला मागून तो सूर आला. मी आधी सूर ओळखला आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याच्यावर शब्द आहेत. स्पष्ट नव्हते, जोडाक्षरं घसरत होती, पण शब्द होते, क्रमाने, सगळे. काका गात होते.

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या, कोणाचा तरी हुंदका आला, आवाज निम्म्यावर आले. मी पेटी थांबवली नाही. उलट भाता जोरात ओढला आणि डोळ्यांनी सगळ्यांना दटावलं, कारण वृंद थांबला तर ते थांबतील हे मला कुठून तरी कळलं होतं. गाणं पूर्ण झालं, तिन्ही अंतरे. शेवटच्या सा वर पुरुषांची रांग सप्टेंबरनंतर पहिल्यांदा एकत्र सुटली.

आणि मग काकू त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता बोला. अहो, बोला ना काहीतरी."

काकांनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच होतं. मग म्हणाले, "नाही."

तो चेहरा मला अजून दिसतो. गाण्याने त्यांना काही दिलं की काही दाखवून परत काढून घेतलं, ते मला त्या क्षणी कळलं नाही, आणि पूर्णपणे आजही कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी चूक केली. त्यांना एकट्याला गायला सांगितलं. मला वाटलं, समूहात जमतंय तर एकट्याने सोपं जाईल, सूर तर पक्का आहे. तिसऱ्या शब्दाला ते अडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. त्यातच कोणीतरी आधीच्या रविवारचं चित्रीकरण नातेवाइकांना पाठवलं होतं, आणि ते 'गाण्याने वाचा परत आली' असं लिहून फिरत फिरत काकूंकडेच पोहोचलं. लोक अभिनंदनाचे फोन करत होते, आणि घरात एक माणूस नाही-नाही म्हणत मांडीवर हात आपटत होता. माणसाच्या दुखण्याची बातमी करायची ही घाई मला आता सहन होत नाही. तेव्हापासून तालमीत चित्रीकरण बंद केलं आहे. यावर काही जण नाराज आहेत. असू देत.

काकांच्या स्पीच थेरपिस्टना मी स्वतः जाऊन भेटले. फार चांगल्या बाई. त्यांनी मला एक तास दिला. या अवस्थेला वाचाघात म्हणतात, त्यात बुद्धी किंवा गळा गेलेला नसतो, शब्द शोधून जुळवणारी यंत्रणा दुखावलेली असते. बोलता न येणारा माणूस गातो हे जुनंच निरीक्षण आहे. स्वीडनच्या ओलोफ दालिनने १७४५ साली असा एक माणूस नोंदवला होता, ज्याची वाचा गेली होती पण पूर्वी पाठ असलेली प्रार्थनागीतं तो म्हणू शकत होता. १९७३ साली बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी यातून एक उपचारपद्धतीही काढली: रोजची छोटी वाक्यं दोन सुरांवर म्हणायची, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा, आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा.

मी अर्थातच विचारलं, म्हणजे सुरामुळेच ना? तेव्हा त्यांनी मला २०११ चा एक जर्मन अभ्यास सांगितला, १७ रुग्णांचा. त्यात दिसलं होतं की उपयोग होतो तो जास्त करून लयीचा, आणि शब्द आधीपासून पाठ असण्याचा. सुराचा स्वतंत्र वाटा फारसा दिसला नाही. आयुष्यभर सुरावर जगलेल्या माणसाला हे ऐकायला कठीण जातं. घरी येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी वाद घालत होते. पण तिसऱ्या शब्दाला अडलेले काका आठवले आणि वाटलं, खरं असेल. त्या रविवारी सूर होता, शब्द पाठ होते, आणि लय मी नुसती पेटीवर दिली होती. मागून-पुढून ढकलणारे ४२ श्वास नव्हते.

त्यांनी शेवटी एक गोष्ट बजावली. तुमचं गाणं हे उपचार नाही, ते मी करते. तुम्ही त्यांना फक्त गाऊ द्या.

हे 'फक्त' किती कठीण असतं! आधी मी लय उतरवली. मिनिटाला ९६ मात्रांचं गाणं ८४ वर आणलं, म्हणजे काकांना जोडाक्षरं पकडता यावीत. चांगलं गाणाऱ्या चौघा-पाच जणांनी तक्रार केली की गाणं रेंगाळतं. समूहात येऊन स्वतःचाच आवाज ऐकणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. रेंगाळत होतंच. मी ८८ वर आले आणि तिथे थांबले.

खरा प्रश्न नव्या गाण्यांचा निघाला. जुन्या गाण्यांचे शब्द काकांच्या आत कुठेतरी साठवलेले होते. सप्टेंबरनंतर बसवलेलं एकही गाणं त्यांच्या तोंडात येईना. सूर दोन वेळा ऐकून उचलायचे, शब्दांच्या जागी मात्र नाही-नाही-नाही. एप्रिलच्या कार्यक्रमात नऊपैकी चार गाणी नवी होती. त्यातल्या एकासाठी मी मागच्या रांगेचे शब्दच काढून टाकले. सगळ्या पुरुषांना मंद्रातला आकार दिला, म्हणजे खालच्या सप्तकात नुसता 'आ', सा आणि प वर, तंबोऱ्यासारखा, पूर्ण गाणंभर, श्वास आळीपाळीने. बायकांची चाल त्याच्यावर ठेवली.

आमच्या वृंदाने आजवर गायलेलं सगळ्यात सुंदर गाणं ते आहे, असं माझं मत आहे. तंबोऱ्याच्या तारा जुळून आल्या की खोली भरते तसं होतं. पेटीचा गंधार, म्हणजे ग, ठरावीक जागी खिळलेला असतो. या आकारावर बायकांचा गंधार आपोआप खाली येऊन स्थिरावला, मी काहीही न सांगता. पेटी मी तिसऱ्या तालमीला बंदच करून टाकली. पण मागच्या रांगेतले दोघे म्हणाले, ताई, आम्हाला शब्द हवे होते. त्यातला एक वर्षभर एकही रविवार न चुकवणारा. मी काकांसाठी त्याचे शब्द काढले की गाण्यासाठी, हे त्याने मला सरळ विचारलं. मी म्हटलं, गाण्यासाठी. ते पूर्ण खरं नव्हतं.

कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेच्या तोंडाशी चार माइक रोवले होते. त्यातून चार बायका ऐकू येतात, वृंद ऐकू येत नाही. समूहाला दोन माइक पुरतात, चार-पाच हात पुढे आणि डोक्यांच्या वर, म्हणजे आवाज हवेत मिसळून मग पोहोचतो. दर वर्षी मी हे समजावते आणि दर वर्षी ऐनवेळी मला स्वतः ते हलवावे लागतात. या वर्षी माइक उंच केले आणि मागच्या रांगेचा आकार शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. काकू तिथे बसल्या होत्या. त्या नंतर म्हणाल्या, "यांचा आवाज वेगळा काढता आला नाही मला." तक्रार होती की समाधान, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता काकांचे चार-पाच शब्द आले आहेत. काकूंचं नाव येतं, 'चहा' येतो. थेरपीने येतात, सावकाश. रविवारी मात्र अजून 'नाही'च, पण आम्ही ते वाचायला शिकलो आहोत. वर चढत जाणारं 'नाही' म्हणजे हो. खाली उतरणारं म्हणजे नाही. दोन्ही अक्षरं तुटक आली तर पाणी हवं असतं. हे मागच्या रांगेने शोधून काढलं. ४३ जणांना सूर ओळखायला शिकवल्याचा एवढा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

जून लागला. नव्या वर्षाची गाणी ठरवायची आहेत. जुनी चार परत घेतली तर काकांना शब्द मिळतात, सगळी नवी घेतली तर पुन्हा आकार लिहायला हवा, आणि त्या दोघांना पुन्हा शब्दांवाचून उभं करायला हवं. परवा तालीम संपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "काका, जुनं घेऊ का?"

"नाही," ते म्हणाले. ना वर, ना खाली, एकाच सुरावर, सपाट. हे 'नाही' आम्ही अजून ऐकलं नव्हतं. मी मागच्या रांगेकडे बघितलं, त्यांनाही कळलं नव्हतं. फळ्यावर मी जुनी-नवी दोन्ही गाणी लिहून ठेवली आहेत.