पावसाची सुट्टी आणि रिकामी शाळा

जुलैत झड लागली की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच, "बंधाऱ्यावर पाणी किती?" राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. हे आकडे इथल्या चौथीतल्या पोरांनाही पाठ असतात. मग सुट्टीचा आदेश येतो. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, कारण बऱ्याचदा सुट्टी फक्त विद्यार्थ्यांना असते आणि शिक्षकांनी शाळेत हजर राहायचं असतं.

घंटा नाही, पाढे नाहीत, नुसती वळचणीला पागोळ्यांची धार. असा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात सहज निघून जातो. माझं म्हणणं, त्यातले दोन तास तरी इमारतीला द्यावेत. दुरुस्ती होते उन्हाळ्यात. तेव्हा भिंती ठणठणीत कोरड्या असतात आणि गवंडी विचारतो, "गुरुजी, नेमकं गळतंय कुठं?" आपण अंदाजानं बोट दाखवतो, तो अंदाजानं सिमेंट लावतो, आणि पुढच्या जुलैत त्याच बाकावर पुन्हा बादली. गळती पाऊस चालू असतानाच दिसते. एरवी ती टिपून ठेवायला वेळ नसतो, सुट्टीच्या दिवशी असतो.

कौलारू वर्ग असेल तर खालून वर बघत गळक्या जागेचा पत्ता नोंदवहीत लिहून ठेवायचा : आढ्यापासून चौथी ओळ, दाराकडून सातवं कौल. "मागच्या कोपऱ्यात गळतं" या नोंदीचा काही उपयोग नाही. मंगलोरी कौल फुटलेलं असेल तर थेंब एका जागी, ठरावीक पडतो. रिपेवरून, म्हणजे खालच्या लाकडी पट्टीवरून, घसरलेलं असेल तर वाऱ्याच्या झोताबरोबरच पाणी आत येतं. शेवाळ धरलं असेल तर दोन कौलांच्या जोडातून सावकाश पाझरतं. पहिल्या दोन्हींत कौल बदलायचं किंवा बसवायचं, तिसऱ्यात नवीन कौल आणूनही फरक पडत नाही, घासून शेवाळ काढावं लागतं. शाकारणीच्या, म्हणजे कौलं फेरायच्या, वेळी ही नोंद हातात असली की अर्धं छप्पर उतरवावं लागत नाही.

स्लॅबचं गणित अवघड, कारण पाणी शिरतं एकीकडं आणि टपकतं दुसरीकडं. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून ते वाट काढतं आणि पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या पॉइंटला बाहेर पडतं. तिथं थेंब दिसला तर आधी मेन स्विच बंद, मग बाकीचं. खालून थेंबाची जागा दोन भिंतींपासून फुटांत मोजून घ्यावी. पाऊस उघडल्यावर, विजा नसताना, वर जाऊन पाणी कुठं साचलंय तेही तसंच मोजावं. वर शेवाळ असतं, एकट्यानं जाऊ नये. बहुतेक शाळांत खरा गुन्हेगार असतो पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाचोळा. आवारात गुलमोहर असेल तर त्याची बारीक पानं जाळीवर असा थर धरतात की स्लॅबचं तळं होतं. जाळीवरचा पाचोळा काढला आणि तळं तासाभरात उतरलं, तर आधी तोच बंदोबस्त करावा. वॉटरप्रूफिंगचा खर्च त्यानंतर.

भिंतीची ओल कुठून चढते किंवा उतरते ते बघावं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल तर पाणी इमारतीच्या पायातून येतंय, वरून रंग मारून ते थांबत नाही. वरून खाली येत असेल तर स्लॅब आणि कठड्याचा जोड. खिडकीखालीच डाग असेल तर खिडकीच्या पट्टीचा उतार आत आहे. प्रत्येक डागाच्या कडेनं पेन्सिलची रेघ आणि शेजारी तारीख. खडू ओल्या भिंतीवर टिकत नाही.

आता दप्तर, म्हणजे शाळेची कागदपत्रं. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. इथल्या जुन्या शाळांतली रजिस्टरं म्हणजे पिढ्यांचा पुरावा. जातपडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधत माणसं येतात ती याच जनरल रजिस्टरापाशी, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीपाशी. ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात कधीच ठेवू नये आणि कपाट भिंतीला चिकटवू नये, चार बोटं जागा सोडावी. एखादं भिजलंच तर घाईनं पानं सोडवायला जाऊ नका, ओला कागद फाटतो. वरचं पाणी निथळू द्यायचं, सुटतील तेवढ्या पानांमध्ये कोरा, छपाई नसलेला कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. पंख्याचा वारा चालतो, कडक ऊन नको, कागद आक्रसतो आणि शाई उडते. साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून हे काम सोमवारवर टाकता येत नाही.

पोषण आहाराचा तांदूळही याच दिवशी पाहावा. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धरलं तर शंभर मुलांच्या शाळेतही पोत्यांची थप्पी लागते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. भिंतीकडच्या बाजूनं पोत्यात हात घालून बघा. तांदूळ दमट लागला तर सोंडे लागायला वेळ लागत नाही.

सुट्टी असली तरी शाळेशेजारची चार-पाच पोरं डोकावतातच. त्यांना परत पाठवायची घाई नको, वाट सुरक्षित आहे ना तेवढं बघावं. त्यांच्याकडून पर्जन्यमापक करून घ्यावा. सरळ बाजूंची बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बुडाशी खळगे असतात, म्हणून तळात खडे आणि थोडं पाणी घालून पातळी सपाट करायची आणि तिथं शून्य धरून पट्टी चिकटवायची. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असेल तर मोजलेले मिलिमीटर तेच खरे. तोंड १० सेंटिमीटर आणि बाटली ५ असेल तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून आलेल्या आकड्याला चारानं भागायचं. इथंच पोरं दोनानं भागतात, आणि इथंच वर्तुळाचं क्षेत्रफळ कायमचं समजतं. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर बाटली ठेवायची, रोज सकाळी साडेआठला वाचायची. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं. १० बाय ६ मीटरच्या छपरावर तेवढ्या पावसात ३,९०० लिटर पाणी पडतं, हा हिशेब फळ्यावर मांडला की पाचोळ्यानं तुंबलेल्या पाइपाची गोष्ट त्यांना आपोआप कळते.

मोठ्या पोरांना नकाशा काढायला द्यावा. गगनबावड्यात पाऊस कोसळतो, शिरोळला त्या मानानं फार थोडा पडतो, तरी शिरोळ बुडतं, कारण पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि दोन्हींचं पाणी तिथं एकत्र तुंबतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, एक उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पंचगंगेच्या उपनदीत. हे पाणी आपल्या गावापर्यंत यायला किती तास लागतात, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारून लिहावं. नदीकाठच्या शाळेनं एक आकडा तर ठरवूनच ठेवावा : बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या पायरीला पाणी लागतं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, त्या पाण्याची रेघ भिंतीवर असेल तर रंगकामात ती पुसू देऊ नका. शाहू महाराजांच्या गावात शाळा हाच पूरग्रस्तांचा निवारा असतो. कुठली खोली कोरडी राहते हे त्या रात्री शोधायची वेळ येऊ नये.

शाळा पुन्हा भरण्याआधी पाण्याची टाकी रिकामी करून घासावी. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच संपतं. मग हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचं निवळ पाणी टाकीत, आणि अर्धा तास थांबून मगच नळ सोडायचा. उघड्या पुडीतली जुनी पावडर वापरू नका, तिच्यात दम नसतो.

आणि ती नोंदवही डिसेंबरात परत काढावी. थंडीत वर्ग उन्हाला व्हरांड्यात बसलेला असतो, खोल्या रिकाम्या असतात. पेन्सिलीच्या रेघा बघत एक फेरी मारायची. जो डाग वाळला तो पावसाचा. जो डिसेंबरातही ओला आहे, तिथं गवंड्याआधी प्लंबर बोलवायचा.