क्यूबसॅटमध्ये आधी अँटेना बघा

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतली मुलं क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याच्या आकाराचा छोटा उपग्रह, करायला घेतात, तेव्हा आधी कॅमेऱ्यावर चर्चा होते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी अँटेना बघा. १यू हे क्यूबसॅटचं एकक माप, म्हणजे १० सेंटिमीटरचा ठोकळा. ४३५ मेगाहर्ट्झची पाव-तरंग (तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी) अँटेना १७ सेंटिमीटरची, म्हणून मेजटेपच्या पोलादी पट्टीसारखी ती दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. रॉकेटमधून सुटल्यावर किमान ३० मिनिटं थांबायचं, मग रेझिस्टर तापून दोरा वितळवतो आणि पट्टी ताडकन उघडते.

घोळ इथेच होतो. थंडीत बॅटरीचा व्होल्टेज बसतो, रेझिस्टर पुरेसा तापत नाही, दोरा तसाच राहतो. मग उपग्रह जिवंत असूनही मुका! म्हणून दोन रेझिस्टर, दोन वेगळी सर्किटं, आणि उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्रॅम हवाच. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत चाचणी पास झाली म्हणून खूश होऊ नका. बॅटरी शून्याखाली नेऊन, निर्वात पेटीत दोरा तोडून बघा. लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्जही करायचा नसतो, त्याला छोटा हीटर लागतो.

प्रक्षेपणाची धास्ती वेगळीच. ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या एसएसएलव्ही (इस्रोचं छोटं रॉकेट) उड्डाणात उपग्रह ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत गेले, टिकले नाहीत.