पाण्यात गेलेले चार सेंटिमीटर

गेल्या महिन्यात माझ्या करवतीखाली एक दगड विरघळला. पापुआ न्यू गिनीतून आलेला, दोन मुठींएवढा. त्यातला चार सेंटिमीटरचा जो थर गेला, त्याच्यासाठीच तो एवढ्या लांबून आणला होता. अजून तो दिवस मनातून जात नाही.

मी न्यूझीलंडमधल्या एका विद्यापीठात दगडांचे थिन सेक्शन करते. चकती कापायची, काचपट्टीला चिकटवायची, कार्बोरंडमच्या घासणाऱ्या पुडीवर घासत 30 मायक्रॉनवर, म्हणजे 0.03 मिलिमीटरवर आणायची; मग दगडातून उजेड आरपार जातो. हे काम शिकले पुण्यात. तिथे समोर कायम दख्खनचा बेसॉल्ट, आणि त्याला पाण्याचं भय नाही. करवतीवर धार सोडायची नि कापत राहायचं. पण ज्यांच्याकडून शिकले ते आमच्या लॅबमधले मामा कुठलाही नवा दगड आधी जिभेला लावायचे. जीभ चिकटली की दगड बाजूला. "याच्यात माती आहे पोरी, याला रॉकेलवर कापायचा." दोन लाव्हाथरांच्या मधली तांबडी माती, म्हणजे 'बोल', आली की ते पाण्याचा नळच बंद करून ठेवायचे. इथे सुरक्षेच्या नियमांत दगड जिभेला लावणं बसत नाही. नियम बरोबर आहे, पण ती सवय सुटली तेव्हा तिच्या जागी दुसरी कुठलीच तपासणी आली नाही.

हा दगड माइयू प्रस्तरभंगावरचा, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात अशा जमिनीतल्या भेगेवरचा. वुडलार्क खोऱ्यात पूर्वेकडे खंड पुरता फाटून नवा समुद्रतळ तयार होतोय आणि पश्चिमेकडे, पापुआच्या द्वीपकल्पावर, तो अजून ताणला जातोय. खंडाचा किनारा कसा जन्मतो ते जिथे आजही चालू अवस्थेत बघता येतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक. ताणामुळे वरचं कवच एका मोठ्या भंगावरून घसरत बाजूला जातं. डोक्यावरचा भार उतरला की खालचा खडक वर येतो आणि येताना वाकतो. खोलवर तीव्र उताराचा असलेला भंग त्यामुळे जमिनीजवळ येईपर्यंत आडवा पडत जातो. वीस-पंचवीस किलोमीटर खोलीवर उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक असा उघड्यावर घुमटासारखा उभा राहतो. यालाच मेटामॉर्फिक कोअर कॉम्प्लेक्स म्हणतात. तिथला डेमन घुमट अडीच किलोमीटरहून उंच आहे. त्याची गुळगुळीत पाठ म्हणजे प्रत्यक्ष भंगाचंच पृष्ठ, आणि घसरण्याच्या दिशेने तिच्यावर पडलेल्या पन्हळी उपग्रहाच्या चित्रांतही दिसतात. त्याच ताणाच्या पट्ट्यात, ईशान्येकडे फर्ग्युसन बेटाच्या परिसरात, 90 किलोमीटरपेक्षा खोल जाऊन आलेले खडक सापडले आहेत, आणि तेही गेल्या 80 लाख वर्षांत वर आलेले.

कोडं असं, की असे भंग साधारण 60 अंशांच्या उतारावर तयार होतात आणि 30 अंशांच्या खाली गेले की घर्षणाने अडकून बसायला हवेत. माइयूचा उतार जमिनीपाशी जेमतेम वीस-बावीस अंश, तरी तो वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर सरकतोय. त्याचं बरंचसं उत्तर भंगाच्या अगदी वरच्या चिखलट थरात आहे. तिथे सॅपोनाइट नावाची चिकणमाती आहे, साबणासारखी बुळबुळीत. तिच्यावरून एवढं मोठं कवच हळूहळू घसरू शकतं. पण तिच्या लगेच खालच्या काळ्या, पिठासारख्या भरडलेल्या खडकात झटक्याने सरकल्याच्या, म्हणजे भूकंपाच्या, खुणा मिळतात. किनाऱ्यावरची प्रवाळंही टप्प्याटप्प्याने पाण्याबाहेर आली आहेत, तीही झटक्यांचीच खूण. मग आधी काय, नंतर काय? ते या दोन थरांच्या सांध्यावर वाचायचं होतं. खनिजाची एक बारीक शीर काळ्या खडकातून निघून वर जात होती. ती मातीत शिरते की सांध्यापाशीच कापली जाते, एवढंच बघायचं होतं.

आणि सांध्यावर मी पाणी सोडलं.

पिशवीवर फक्त नमुन्याचा क्रमांक आणि 'फॉल्ट रॉक' असे दोन शब्द होते. दगड वाळलेला, बाहेरून घट्ट, हिरवट करडा. करवत निम्म्यात गेली तशी चकतीची वरची कड फुगायला लागली, पिठात पाणी जास्त पडल्यावर फुगते तशी. मी हात मागे घेईपर्यंत तिचे पापुद्रे सुटले आणि ट्रेमध्ये हिरवट गाळ उतरला. पाणी बंद केलं तेव्हा काळा खडक शाबूत होता, पण त्याच्यावर काहीच उरलं नव्हतं.

ज्या विद्यार्थ्याने दगड दिला त्याला हा थर सॅपोनाइटचा असेल हे ठाऊक होतं. त्याने लिहिलं नाही, कारण आमची लॅब म्हणजे झेरॉक्सचं दुकान, कागद दिला की प्रत मिळते, असा पुष्कळ संशोधकांचा समज असतो. याचा मला राग आहे. पण तो हिरवट करडा रंग माझ्यासमोर होता आणि मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

त्याच दगडाचा अंगठ्याएवढा तुकडा पिशवीच्या तळाशी निघाला. त्याला आठ दिवस दिले. मंद उबेत वाळवला, व्हॅक्यूममध्ये पातळ इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, पाजली, घट्ट झाल्यावर रॉकेलवर कापला, पुन्हा इपॉक्सी पाजली. शेवटचं घासणं हाताने, काचेवर, तेलात. या खडकात क्वार्ट्‌झ जवळजवळ नाही, म्हणून नेहमीसारखी त्याच्या रंगावरून जाडी ओळखता येईना; फेल्डस्पार या खनिजाचा राखाडी रंग बघत ती उतरवावी लागली. सूक्ष्मदर्शकाखाली माती माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली दिसली. मधूनमधून गोल झालेले दाणे होते, त्यातले काही आधीच्याच मातीचे. म्हणजे हा थर एकदा मोडून पुन्हा घसरलेला. मी तासभर उठले नाही.

पण त्या तुकड्यात काळा खडक नाही, त्यामुळे सांधाही नाही. ट्रेमधला गाळ वाळवून एक्स-रेखाली दिला, त्यात सॅपोनाइट निघाला. विद्यार्थ्याचा प्रश्न शिरेबद्दल होता. परवा त्याने पुन्हा विचारलं, कापताना ती कुठपर्यंत गेलेली दिसली होती का? मी आठवून बघतेय. पाणी सुरू करण्याआधी मी चकतीच्या कडेकडे नीट पाहिलंच नव्हतं.

त्याच भंगावरच्या आणखी चार पिशव्या फडताळात आहेत. त्या मी अजून उघडलेल्या नाहीत. करवतीचं पाणी मात्र आता नळाशीच बंद असतं.