पेडल बुडालं, ते कुणी पाहिलं नाही

दोन महिने होऊन गेले. त्या दिवसाचा भत्ता कापला गेला, त्याचं आता काही वाटत नाही. पण गाडीतल्या १६ माणसांपैकी १५ जणांची अजून समजूत आहे की मी त्यांना उगाच डांबून ठेवलं. ते काही डोक्यातून जात नाही.

१७ सीटची टुरिस्ट गाडी मी ११ वर्षं चालवतोय. त्या मार्गावर वरची खिंड ओलांडून खाली येताना निम्म्या उतारावर एक छोटं डोंगरी गाव लागतं. थांबा १५ मिनिटांचा. समोर दरी उघडी पडलेली, ढग पायाखाली, त्यामुळे दार उघडलं की सगळे कठड्याकडे धावतात. मी चाकांकडे जातो. हात न लावता तळवा रिमजवळ धरायचा. एकच चाक जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. चारही गरम लागली तर चूक चालवणाऱ्याची.

त्या दिवशी चारही तापली होती. लायनरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्क-ड्रमवर घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराचा, जळका वासही येत होता.

चूक माझीच होती. वरच्या टप्प्यात ट्रकांची रांग लागली आणि अर्धा तास गेला. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर टूर मॅनेजर मागून सारखा म्हणत होता, "काका, जरा रेटा." जो तुकडा मी कायम सेकंडला उतरतो, तो थर्डला उतरलो, आणि प्रत्येक वळणावर पाय ब्रेकवर. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा, हे नव्या पोरांना मीच सांगत असतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी उभी केली म्हणजे ब्रेक लगेच थंड व्हायला लागले. चाकं फिरत असताना वारा लागतो. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि डिस्क-ड्रममध्ये साठलेली उष्णता आत, पायाचा जोर नळीतून चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलपर्यंत झिरपते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे पाय सगळा जोर लावतो आणि तो जोर चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून उतारावरचा छोटा थांबा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. येताना ब्रेक लागलेला असतो, निघताना लागेलच असं नाही.

१५ मिनिटं झाली, डोकी मोजली, सगळे बसले. मी इंजिन चालू केलं आणि नेहमीच्या सवयीने गिअर टाकायच्या आधी पेडल दाबलं. ते लोण्यात बोट जावं तसं जवळजवळ तळापर्यंत गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर अर्ध्यावर आलं. लायनर तापून घसरायला लागले की पेडल कडकच राहतं, फक्त गाडी आवरत नाही. हे तसं नव्हतं. ऑइल उकळलं होतं, आणि पुढे १४ किलोमीटरचा उतार होता.

इंजिन बंद केलं. गिअर रिव्हर्सला टाकला, चाकांना दगड लावले. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढायचा नाही म्हणून ओढला नाही. मग सांगितलं, "एक तास गाडी हलणार नाही."

मॅनेजर पाण्याचा कॅन घेऊन आला. चाकावर ओतू म्हणाला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर डिस्क वाकते, ड्रमला तडा जातो. मी कॅन हातातून काढून घेतला, त्यावरून तो भडकला. वाईट पोरगा नाही तो. पण ज्यांना वेळापत्रक सांभाळायला ठेवतात त्यांना एकदाही स्टिअरिंगमागे बसवून घाट दाखवत नाहीत, याचा मला राग आहे. मालकांनी एवढं तरी करावं.

तीन कुटुंबांना खाली पोचून रेल्वे पकडायची होती. एक बाई म्हणाल्या, "दादा, येताना तर ब्रेक नीट लागत होते की!" त्यांचं खोटं नव्हतं. फक्त एक गृहस्थ, इंजिनिअर असावेत, जवळ येऊन नीट विचारत बसले. कागदावर हिशेब करून त्यांनी दाखवलं: ५ टनांची गाडी ६०० मीटर खाली उतरवताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात ८५ लिटर गार पाणी उकळेल. त्यातली जितकी इंजिन घेणार नाही, तितकी ब्रेकच्या वाट्याला. इतकी वर्षं जे पायाला कळत होतं ते कागदावर बघून मला फार बरं वाटलं.

७० मिनिटांनी इंजिन चालू करून पेडल दाबलं. कडक! वाफ निवून पुन्हा ऑइल झाली होती. सेकंडला, काही ठिकाणी फर्स्टला, सावकाश खाली आलो. रेल्वे निघून गेली होती.

लेखी तक्रार झाली. मेकॅनिकने तपासलं आणि "ब्रेक ओके" असा शेरा मारला. त्याचंही बरोबर होतं, तेव्हा ते ओकेच होते. मी हट्टाने ऑइल बदलून घेतलं. निघालेलं ऑइल काळपट होतं, पण रंगावरून काही सिद्ध होत नाही.

तो क्षण मी पुनःपुन्हा आठवतो. पेडल पहिल्यांदा खाली गेलं, तेव्हा पंप न करता तसंच सोडून मॅनेजरला बोलवायला हवं होतं. म्हणायचं, ये, इथे बस, तुझा पाय ठेव. पण घाबरलेला पाय आधी पंप करतो, माझ्याही पायाने तेच केलं.