‘किमान तापमान वाढणार’ वाचून तोरणमाळला निघू नका

बोटांची आग अजून गेली नाही, तरी आजच लिहितोय. येत्या रविवारी ओळखीतले बरेच जण बाइकवरून तोरणमाळला, सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, निघालेत.

मी तिथे बाइकवर निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचं देशाचं बुलेटिन नीट वाचलं होतं. पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात ढग-पाऊस आणणारी प्रणाली), मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलका पाऊस, किमान तापमानात 2 ते 3 अंशांनी वाढ. वाढ म्हटल्यावर रेनकोट आणि जाड हातमोजे धुळ्यातच ठेवले. इथेच फसलो. ढग आले की जमिनीची ऊब रात्री अडकून राहते, म्हणून किमान तापमान वाढतं. पण ऊन नसल्यानं दुपार तापतच नाही. आणि बाइकवर आपण असतो दिवसा! तेव्हा कमाल तापमान, म्हणजे दुपारचं, किती घसरणार ते बघा.

‘मध्य महाराष्ट्र’ हा नंदुरबारपासून थेट कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा पट्टा. ‘तुरळक’ म्हणजे त्यातल्या फार तर पाव भागात. तो पाव भाग सातपुडाच निघाला. हवामान खात्याच्या मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचा जिल्हावार इशारा वेगळा असतो, तो वाचल्याशिवाय किक मारू नका.

दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा, म्हसावद. इथवर रस्ता बरा, नुसतं आभाळ.

सात पायरीच्या घाटात मात्र जीव मुठीत आला. धुक्यात कठडा दहा फुटांवर आल्यावर दिसायचा. भुरभुर सुरू, डांबरावर वरून वाहून आलेली माती, आणि तीही नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला. पहिल्या गिअरमध्ये पाय टेकत चढलो. एका वळणावर पुढचा ब्रेक दाबला की नाही, हेच बोटांना कळेना. मान वाकवून बघावं लागलं. तिथेच थांबलो. कडेच्या झोपडीतून एक बाबा आले, म्हणाले, “भाऊ, पहिले हात शेकी ले.” अर्धा तास त्यांच्या शेकोटीजवळ बसलो. पैसे दिले, घेतले नाहीत.

वर मुक्कामाच्या ठिकाणी मात्र जादा रजईचे 200 रुपये मोजले, तीही ओलसर. हे लुटणंच आहे. आपलं पांघरूण न्याच. तोरणमाळ साधारण 1,150 मीटरवर आहे. असल्या ढगाळ हवेत खालच्या शहाद्याच्या दुपारच्या तापमानातून 6 अंश वजा करा.

दुसरा दिवस यशवंत तलाव, सीताखाईत छान गेला.

आणखी एक. बुलेटिनमधला दिवस सकाळी 8.30 ते दुसऱ्या सकाळी 8.30 असा असतो. शनिवारचा म्हणून सांगितलेला पाऊस रविवारी पहाटेही पडतो. आम्हाला तसाच पडला. त्यामुळे उतरायला 10 च्या आत निघू नका, धुकं वर उचललेलं दिसू द्या. आभाळ मोकळं झालं की उत्तरेचा वारा सुटतो आणि खरा गारठा त्या रात्री पडतो, म्हणून परतीचा प्रवास उजेडीच संपवा. लोकरीचे हातमोजे भिजले की कामातून जातात; वरून रबरी घाला, कृषी केंद्रात फवारणीचे मिळतात ते चालतील.