खैरागढच्या महोत्सवाला जाताय? डोंगरगढला उतरू नका

छत्तीसगढमधल्या खैरागढच्या संगीत विद्यापीठाचा महोत्सव बघायला जाणार असाल, तर रेल्वेने राजनांदगावला उतरा. डोंगरगढला उतरू नका. नकाशात दोन्ही स्टेशनांपासून खैरागढ सारखंच लांब दिसतं, चाळीसेक किलोमीटर. आम्ही त्या आकड्यावर विसंबलो आणि पहिली संध्याकाळ घालवून बसलो.

डोंगरगढ सुचवणारे गृहस्थ नात्यातलेच. "नागपूरहून जाताना ते आधी लागतं, उतरलात की जीप तयार," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. ते तिथे गेले होते नवरात्रात, बम्लेश्वरी देवीच्या दर्शनाला. नवरात्रात डोंगरगढला मोठी जत्रा भरते, एरवी न थांबणाऱ्या गाड्याही थांबतात, स्टेशनाबाहेर वाहनांची रीघ असते. मी आणि माझी मावसबहीण उतरलो ते थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी अडीचला. बाहेर चार रिक्षा आणि तीन गाड्या. खैरागढची बस नुकतीच गेलेली, पुढची कधी ते प्रत्येकजण वेगळं सांगत होता. सामायिक जीप भरायला आठ माणसं हवीत आणि जाणाऱ्या आम्ही दोघीच.

गाडीवाल्याने पहिला आकडा सांगितला बावीसशे. अर्धा तास घासाघीस करून पंधराशेवर आला. तेही जास्तच होतं, पण सहाला विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद होता आणि त्याच्यासाठीच आम्ही एक दिवस आधी निघालो होतो. बसलो.

आता त्या रस्त्याबद्दल. सुरुवातीचा रस्ता बरा आहे. दोन्हीकडे धानाची कापलेली शेतं, मधूनच साजाची झाडं, गारवा. मग एका वळणापुढे रस्ता नाहीच. एक बाजू उकरून ठेवलेली, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, आणि उरलेल्या पट्ट्यावरून समोरून येणारे धानाने शिगोशिग भरलेले ट्रॅक्टर. धान खरेदीचे दिवस होते, त्यामुळे रांगच्या रांग. एक ट्रॅक्टर गेला की धुळीत समोरचं काही दिसायचं नाही, आणि धूळ बसेपर्यंत दुसरा यायचा. त्यातच गाडीवाल्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, रस्ता खराब आहे, पाचशे वर द्या, नाहीतर इथून परततो. ऊन कलत चाललेलं, आजूबाजूला वस्ती नाही. आम्ही दिले. मीटरवर बघितलं, तो खराब पट्टा नऊ किलोमीटरचा होता आणि त्याला पन्नास मिनिटं लागली. तुम्ही जाल तेव्हा तो दुरुस्त झालेला असेल, कदाचित नसेल. मी तर तपासायलाही त्या बाजूने जाणार नाही.

पोचलो तेव्हा वाद्यवृंद संपून निवेदन चाललं होतं. सतार, सरोद, व्हायोलिन, तबला घेऊन मुलं मंचावरून उतरत होती. आमच्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "बहुत अच्छा बजाया बच्चों ने." मला त्या क्षणी अक्षरशः रडू आलं.

हे एवढं लिहिते आहे, कारण खैरागढला जायचं ते विद्यार्थ्यांसाठी. याबाबत माझं मत पक्कं आहे. माहिती देणारे सगळे रात्रीच्या नामवंत पाहुण्यांची नावं सांगतात. ते कलाकार पुण्यात, मुंबईत, नागपुरातही ऐकायला मिळतात. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत तिथली मुलं जे करतात ते दुसरीकडे मिळत नाही. 1956 साली खैरागढचे राजे बीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला महाल या विद्यापीठाला दिला, अकाली गेलेल्या इंदिरा या मुलीच्या आठवणीसाठी. म्हणून त्याचं नाव इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. गायन, वादन, नृत्य, नाट्य, चित्र, शिल्प, लोकसंगीत सगळं एकाच आवारात शिकवतात, आणि गाव एवढंसं आहे की शिकणाऱ्याला सराव सोडून फारसं काही करायला नाही. सकाळी सातला त्या आवाराबाहेरून चालत जा. एका खिडकीतून खर्जातले खालचे सूर येतात, दुसरीतून तबल्याचा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार, तिसरीकडे घुंगरांची तत्कार. एवढ्या एका सकाळीसाठी मी परत जाईन.

मराठी माणसाला तिथे आणखी एक जिव्हाळ्याची गोष्ट सापडते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, मूळ मुंबईचे, लखनौच्या मॅरिस या संगीत कॉलेजात अनेक वर्षं प्राचार्य, नंतर या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गायक के. जी. गिंडे, दिनकर कैकिणी यांचे गुरू. 'सुजान' या नावाने त्यांनी बांधलेल्या बंदिशी माझ्या गाण्याच्या बाईंनी मला शिकवल्या. पहिल्या रात्री एम. ए.च्या एका मुलीने त्यांचीच एक बंदिश गायली. आवाज अजून कोवळा, तानेत एकदोनदा अडखळली, पण मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, प्रत्येक वेळी नव्या वाटेने आणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद ठेवत होती. धूळ, पाचशे रुपये, सगळं त्या वीस मिनिटांत विसरले.

आणि मग परतीच्या वाटेवर सगळं पुन्हा आठवलं.

आम्ही खोली घेतली होती राजनांदगावात, कारण खैरागढमध्ये राहायची सोय नाही असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. कार्यक्रम संपला पाऊण वाजता. त्या वेळी बस नाही, जीप नाही. फाटकाबाहेर दोन गाड्या उभ्या, आणि दोघांनी ठरवून घेतल्यासारखा एकच भाव सांगितला, साडेतीन हजार. शेवटी तीन हजार दिले. दुसऱ्या दिवशी खोलीच्या व्यवस्थापकाकडून कळलं की दिवसा याच अंतराला हजार-बाराशे पडतात. म्हणजे एका दिवसात आम्ही पाच हजार रुपये नुसते रस्त्यावर ओतले, आणि महोत्सवाला प्रवेशाचा एक पैसाही पडला नव्हता.

म्हणून हे नीट वाचा. रात्रीची गाडी सकाळीच ठरवा, राजनांदगावातूनच ठरवा, आणि थांबण्याचे पैसे धरून एकच आकडा बोला. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते रात्री एक अशी गाडी अठराशेत घेतली. निम्मे जाताना, निम्मे खोलीच्या दारात. चालकाचं जेवण आपल्याकडे, हे आधीच सांगून टाका, तो खूश राहतो आणि कार्यक्रम लांबला तरी कुरकुरत नाही. तो रस्ता ठेलकाडीहवरून जातो, चांगला आहे, तासाभरात पोचवतो. आणि याहून उत्तम म्हणजे खैरागढमध्येच राहा. सोय नाही हे खोटं आहे. बस स्टँडजवळच्या चहावाल्याला विचारलं, त्याने पाच मिनिटांच्या अंतरावरचा लॉज दाखवला. खोली सातशे, पलंग टणक, गरम पाणी बादलीने. तिसऱ्या रात्री आम्ही तिथे झोपलो आणि त्या प्रवासातली सगळ्यात गाढ झोप तिथेच लागली. एकटी बाई असेल तरी आधी जाऊन खोली बघून यावी, कडी तपासावी, एवढी काळजी पुरे.

राजनांदगावचा मधला दिवस छान गेला. गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायचे. हिंदीतला एवढा मोठा कवी आणि घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. तळ्याकाठी त्यांचं स्मारक आहे. सकाळी जा, दोन तास पुरतात. नाश्त्याला पोहे-जिलबी आणि फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके.

दुसऱ्या संध्याकाळी कथक होतं. रायगढ घराण्याचं. रायगढ म्हणजे आपला किल्ला नव्हे, छत्तीसगढमधलं जुनं संस्थान. तिथले राजा चक्रधर सिंह स्वतः तबला-पखवाज जाणणारे, त्यांनी जयपूर आणि लखनौच्या गुरूंना दरबारी आणलं, गावातली गुणी मुलं त्यांच्याकडे शिकायला बसवली, आणि निसर्गाच्या नादांवर परनी, म्हणजे पखवाजाच्या बोलांच्या रचना, बांधल्या. कडाडणारी वीज, दाटून येणारे ढग, ते बोलांतून ऐकू येतं. सहा मुली एका रांगेत होत्या, त्यांतली एक श्रीलंकेहून शिकायला आलेली. 'कडक बिजली'ची पढंत त्यांनी आधी तोंडाने केली, मग पायांनी. मी कथक शिकलेली नाही, पण त्या परनीच्या शेवटच्या तिहाईला, तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्याला, माझा श्वास थांबला होता. पुढे बसा. मागून पाय दिसत नाहीत आणि पाय न दिसता कथक बघण्यात अर्थ नाही. साडेपाचला पोचलात तर तिसऱ्या-चौथ्या रांगेत जागा मिळते. त्याच्या पुढच्या खुर्च्या निमंत्रितांच्या असतात.

नाटकाबद्दल स्पष्ट लिहिते: ध्वनियोजनेवर ते कोलमडलं. उघड्या मैदानावर माइक लावून संवादनाट्य करू नये. मुलं मनापासून करत होती, पण पंधराव्या रांगेत निम्मे शब्द वाऱ्यावर गेले. पण त्याच मंचावर 'नाचा' हा लोकनाट्याचा खेळ उभा राहिला तेव्हा माइकची गरजच उरली नाही.

नाचा पाहिल्याशिवाय परतू नका. हा छत्तीसगढचा लोकनाट्यप्रकार. पुरुषच 'परी' होऊन साडी नेसून नाचतो, 'जोक्कड' विनोद करतो, हार्मोनियम-तबल्याची साथ, आणि गावात हा खेळ रात्रभर चालतो. नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीरांनी आपल्या नाटकांसाठी याच मातीतले कलावंत उचलले. आमच्या पूर्व विदर्भात खडी गंमत आहे, तिच्यात असाच नाच्या असतो, अशीच सवाल-जवाबाची ठसन. गोंदियाच्या पलीकडे राज्य बदलतं, भाषा बदलते, पण खेळ एकच. जोक्कडने सरपंचाची नक्कल केली तेव्हा मला छत्तीसगढी निम्मीच कळत होती, तरी मी आजूबाजूच्या बायांच्या बरोबरीने हसत होते. माझी आई भंडाऱ्याची. ती लहानपणी गंमत बघायला आजोबांच्या खांद्यावर बसून जायची. तिला आणायला हवं होतं असं त्या रात्री सारखं वाटत राहिलं. पुढच्या वर्षी आणणार आहे.

कपड्यांचं: दिवसा नुसता सुती कुडता चालतो, पण नऊनंतर मैदानावर दव पडतं आणि प्लास्टिकची खुर्ची बर्फासारखी होते. जाडी शाल, कानटोपी, बसायला घडी घातलेली सतरंजी. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी बरोबर ठेवा, कारण दोन कार्यक्रमांच्या मधे स्टॉलवर उसळलेल्या गर्दीत भज्यासाठी उभं राहिलात तर पुढची बंदिश बुडते. रोख पैसे न्या.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. विदर्भ आणि महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियालाच संपतात. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्यांचं तिकीट काढताना राजनांदगावचा थांबा तपासा. थांबा नसेल तर दुर्गला उतरा आणि लोकल किंवा बसने मागे या. रात्रीच्या गाडीने उतरून थेट खैरागढ गाठायचा बेत करू नका. आणि महोत्सवाच्या तारखा विद्यापीठाने जाहीर केल्याशिवाय तिकीट काढूच नका. तारीख लागली की आधी खैरागढची खोली, मग रेल्वे.

शेवटच्या सकाळी आम्ही खैरागढच्या स्टँडवरून राजनांदगावची बस धरली. शेजारच्या बाकावर एक मुलगा कापडी गवसणीतली सतार मांडीवर आडवी घेऊन बसला होता, सुट्टीला घरी चाललेला. तिकीट माणशी सत्तर रुपये. सातला निघालो, सव्वाआठला स्टेशनात होतो.