डबा कोणी संपवला, हे मैत्रिणींना ठाऊक असते

श्रावणातला पहिला सोमवार, रात्री

मेसच्या वहीत आज अर्ध्याहून अधिक नावांपुढे ‘उपवास’ असे लिहिलेले होते. बहुतेक मुलींसाठी श्रावणी सोमवार ही घराची आठवण असते. संध्याकाळी त्या एकत्र बसतात, गावाकडे आत्ता काय चालले असेल याच्या गप्पा मारतात आणि पोटभर जेवून उपवास सोडतात. काही थोड्या मुलींचा उपवास मात्र सुटत नाही. सोमवारच्या जोडीला गुरुवार येतो, मग शनिवार, मग संकष्टी आणि दोन्ही एकादशा, आणि श्रावण संपला तरी ते वार पाळणे चालूच राहते. साबुदाण्याची खिचडी ‘तेलकट आहे’ म्हणून परत जाते आणि ताटात काकडीच्या चार चकत्या उरतात. न जेवण्याला आपल्याकडे इतके प्रतिष्ठित कारण सहज मिळते की मोठ्या माणसांना शंका यायला फार वेळ लागतो. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी शंका सर्वांत आधी खोलीतल्या मुलींना आलेली असते.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी फार खंगली. चालताना चक्कर येई, पाळी बंद झाली होती, उन्हाळ्यातही तिचे हात गार असत. तिची आई धावत आली आणि एकच वाक्य परत परत सांगत राहिली : ‘मॅडम, शाळेत असताना तिचा डबा रोज रिकामा यायचा हो.’ ते खरेच होते. पण आईबरोबर तिची शाळेतली एक मैत्रीणही आली होती, आणि डबा रिकामा कसा होई हे तिने मला व्हरांड्यात हळू आवाजात सांगितले. मधल्या सुट्टीत गोल करून बसल्यावर ही मुलगी पोळीचा रोल मोडून त्याचे तुकडे आग्रहाने सगळ्यांच्या डब्यात टाकी. कोणाला आईच्या हातची कारल्याची भाजी आवडते, कोणाला गुळांबा, हे तिला पाठ होते. शेवटचा तुकडा स्वतःच्या हातात धरून ती घंटा होईपर्यंत बोलत राही. सगळ्यांना ती फार मोठ्या मनाची वाटे. हे नववीत सुरू झाले. त्याआधी सहावीपासूनची जी जिवलग मैत्रीण होती, तिने दुसऱ्या गटात बसायला सुरुवात केली होती, आणि त्या गटात हिला ‘ढोली’ म्हणत. ‘तुला हे कधी कोणी विचारले नाही का?’ असे मी हे सांगणाऱ्या मैत्रिणीला म्हटले. ‘नाही मॅडम. आणि तिने शपथ घातली होती,’ ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले आहे. मुलगी जेवेनाशी झाली की आपण तिचे वजन, तिचे मार्क, तिचा मोबाइल आणि तिचे पोट या सगळ्याची चौकशी करतो. ती कोणाबरोबर डबा खात होती आणि ते बसणे कधी मोडले, हे मात्र विचारत नाही. दहा ते चौदा या वयात मुलीचे सारे जग तीन-चार मैत्रिणींचे असते. आपण कशा दिसतो, कशा वाटतो, याचा निवाडा त्या तिघीचौघी करतात आणि तो घरच्यांच्या कौतुकाने बदलत नाही. त्या वयातली कट्टी मोठ्यांना पोरखेळ वाटते, पण एकटी पडलेली मुलगी आपल्यात काय कमी आहे हे शोधू लागते, आणि हाताशी असलेले, मोजता येण्याजोगे, बदलता येण्याजोगे असे तिला स्वतःचे शरीरच सापडते.

याचा अभ्यास अनेक देशांत झालेला आहे. ऑस्ट्रेलियात सुझन पॅक्सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 523 शाळकरी मुलींच्या मैत्रीचे 79 गट तपासले, तेव्हा एकाच गटातल्या मुलींची शरीराविषयीची काळजी आणि वजन कमी करण्याचे मार्ग एकमेकींशी बरेच जुळणारे निघाले. मला त्याहून अधिक बोलके वाटते ते फिजीचे काम. तिथल्या नद्रोगा प्रांतात 1995 मध्ये टीव्ही पोहोचला. भरलेल्या अंगाचे तिथे परंपरेने कौतुकच होते, आणि वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी त्या वर्षीच्या पाहणीत आढळली नव्हती. 1998 मध्ये मात्र शाळकरी मुलींपैकी अकरा टक्क्यांहून अधिक जणींनी तसे करत असल्याचे सांगितले. हे संशोधन करणाऱ्या अ‍ॅन बेकर यांनी पुढे तिथल्याच मुलींवर आणखी काम केले आणि 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलगी स्वतः काय पाहते यापेक्षा तिच्या मैत्रिणींपर्यंत टीव्ही, व्हिडिओ किती पोहोचले आहेत, याचा तिच्या खाण्याच्या त्रासाशी अधिक ठळक संबंध त्यात दिसला. म्हणजे पडद्यावरची गोष्ट मुलीपर्यंत येते ती मैत्रिणीच्या तोंडून, ‘अगं, तुझे दंड बघ किती जाड झालेत’ अशा वाक्यात. घरातला टीव्ही बंद करून किंवा मोबाइल काढून घेऊन पालक निश्चिंत होतात, तेव्हा मला हे आवर्जून सांगावेसे वाटते.

तरीही सगळा दोष मैत्रिणींवर टाकणे अन्यायाचे होईल. जुळ्यांच्या अभ्यासांतून अ‍ॅनोरेक्सियामध्ये, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने जेवण तोडत जाण्याच्या आजारात, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे. प्रत्येक गोष्ट बिनचूक हवी असा हट्ट असलेल्या मुलींना त्याचा धोका अधिक असतो, हेही ज्ञात आहे. त्याच गटातल्या, तीच चिडवाचिडवी सोसलेल्या बाकीच्या मुली नीट जेवतात. शिवाय उपासमार स्वतःच माणसाला एकटे पाडते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुण पुरुषांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. हे तरुण हळूहळू मित्रांपासून तुटले, चेष्टामस्करी विसरले, चिडचिडे झाले, पाककृतींची पुस्तके चाळत बसले आणि समोरचे थोडेसे अन्न तासन्‌तास चिवडत राहिले. त्यांना ना कोणी ‘ढोल्या’ म्हटले होते, ना कोणी गटातून काढले होते. हे सारे भुकेने केले. म्हणून आई-वडील जेव्हा ‘ती मुळातच एकलकोंडी आहे’ असे म्हणतात, तेव्हा मी त्यांना जुने फोटो आठवायला सांगते : सहावीच्या सहलीत, स्नेहसंमेलनाच्या नाचात ती कोणाच्या गळ्यात हात टाकून उभी होती? पुष्कळदा असे आढळते की आधी एक मैत्री तुटली, मग जेवण कमी झाले, आणि मग कमी जेवणाने उरलेल्या मैत्रिणीही दूर केल्या, कारण मैत्री म्हणजे वाढदिवसाचा केक, कॅन्टीनचा वडापाव आणि आणखी दहा ठिकाणी खाणे, आणि ते सगळे तिला टाळायचे असते.

त्या शपथेकडे मला पुन्हा यायचे आहे. ‘आईला सांगितलेस तर माझी शप्पथ’ हे वाक्य तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला किती जड जात असेल, याची कल्पना करून मी अस्वस्थ होते. सांगितले तर मैत्री जाणार, आणि न सांगता तिला काही झाले तर आयुष्यभर ते मनाला लागून राहणार. खरे तर हा आजार जिवावर बेतणारा आहे; मानसिक आजारांत अ‍ॅनोरेक्सियाचा मृत्युदर फार वरचा आहे, आणि वारंवार उलट्या काढणाऱ्या मुलीच्या शरीरातले पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एवढे ओझे मुलींवर टाकून मोठ्यांनी मोकळे राहणे मला मान्य नाही. मी वसतिगृहात उघडपणे सांगते की कोणाच्या जिवाशी खेळणारी शपथ मोडली तर पाप लागत नाही, ती मोडायलाच हवी, आणि माझ्याकडे येऊन सांगणाऱ्या मुलीचे नाव माझ्याकडेच राहील. उपचार करणे, समजावणे, ताटावर पहारा देणे हे मैत्रिणीचे काम नाही. तिने शेजारी बसून स्वतः नीट जेवावे, वजनाचा विषय काढू नये, सिनेमाला जाताना तिला वगळू नये. एवढेही त्या वयात पुष्कळ आहे.

ती मुलगी आता बरी होते आहे. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ अशा तिघांचे उपचार चालू आहेत आणि सुधारणा संथ आहे. तिला सोडून गेलेल्या त्या जिवलग मैत्रिणीने मध्यंतरी फोन केला. दोघी काय बोलल्या ते मी विचारले नाही, आणि त्या फोनमुळे ती बरी झाली असे म्हणायलाही मी तयार नाही. परंतु तिच्या आईच्या सांगण्यानुसार त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आपणहून आली आणि ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ बोलली.

आजच्या वहीतली दोन नावे मी टिपून ठेवली आहेत. उद्या त्यांच्या खोलीतल्या मुलींना चहाला बोलावणार आहे, आणि मेसच्या मावशींना सांगणार आहे की कोणाचे ताट कोण संपवते याकडे लक्ष द्यावे, पण तिथल्या तिथे कोणाला टोकू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फलकावर आहेच, तो आता मेसच्या दारावरही लावायचा आहे. पालकसभेत या वर्षी एक प्रश्न नव्याने विचारणार आहे : तुमच्या मुलीची शाळेतली जवळची मैत्रीण कोण होती, आणि त्या दोघी आता एकमेकींशी बोलतात का?